मेंदू खिशात, पडदा मांडीवर

साताऱ्यात माझ्या मामांचा टायपिंगचा क्लास आहे. एके काळी तिथे ओळीने टाइपरायटर खडखडत असत. आता नऊ संगणक आहेत, आणि पुढच्या काउंटरवर झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका अशी जोडीची कामं चालतात. दिवाळीत मी दोन दिवस तिकडे होते. एक लेख पुरा करायचा होता, म्हणून क्लासातलं कोपऱ्यातलं टेबल पकडलं आणि पिशवीतून लॅपडॉक काढला.

लॅपडॉक दिसायला हुबेहूब लॅपटॉप. चौदा इंची पडदा, कीबोर्ड, बोटाने बाण हलवायची पाटी, पोटात बॅटरी. नाही तो फक्त मेंदू. प्रोसेसर नाही, फाइली साठवायला जागा नाही. फोन वायरीने जोडायचा, मग फोनातलं सगळं त्या पडद्यावर येतं. मामांनी तो उचलला, उलटा करून पाहिला, पुन्हा टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. पडदा उजळला आणि निळ्या पाटीवर ‘नो सिग्नल’ एवढंच दिसलं. तिथून आमचं जे बोलणं झालं, ते असं.

मामा : बिघडलाय का गं हा?

मी : नाही हो. फोन जोडल्याशिवाय तो काहीच नाही.

मामा : म्हणजे नवरदेवाविना वरात.

मी : नवरदेव हा घ्या. (मी वायर लावते.) आला बघा डेस्कटॉप. खाली पट्टी, हव्या तेवढ्या खिडक्या, ओढून लहानमोठ्या करा. सॅमसंगने २०१७ साली गॅलॅक्सी एस ८ बरोबर हे आणलं, ‘डेक्स’ म्हणतात. हातात असताना फोन, वायर लावली की संगणक.

मामा : फोनवर जे होत नव्हतं, ते आता होतं का? की तेच मोठं दिसतं?

मी : मोठं दिसणं ही किरकोळ गोष्ट आहे का? तुमच्याकडे लोक फॉर्म भरायला का येतात? फोन त्यांच्याकडेही असतो. पण सहा इंचांच्या पडद्यावर जातीच्या दाखल्याचा क्रमांक एका ठिकाणी वाचायचा आणि दुसऱ्या ठिकाणी टाइप करायचा, तोवर साइट बाहेर काढते. इथे एका बाजूला दाखला, दुसऱ्या बाजूला फॉर्म. माझंही तेच. मुलाखतीचं रेकॉर्डिंग फोनात, फोटो फोनात, मेल फोनात. पूर्वी ते सगळं लॅपटॉपवर पाठवत बसायचे. आता पाठवायचंच नाही. जिथे आहे तिथेच लिहिते.

मामा : आणि ताकदीचं काय? फोन तो फोनच.

मी : तुमच्या या नऊ संगणकांत रॅम किती?

मामा : चार जीबी.

मी : माझ्या फोनात आठ. सांगायचं ते हेच, मामा. घरोघरी माणसं एवढ्या ताकदीचा संगणक खिशात घेऊन फिरतात आणि त्याला बोटाने टोचत बसतात, कारण त्याला नीट पडदा नाही आणि नीट कीबोर्ड नाही. मग तेवढंच विकत घ्यावं. मेंदू दुसऱ्यांदा कशाला विकत घ्यायचा?

मामा : बरं. वजन किती याचं?

मी : सव्वा किलो.

मामा : आणि तुझ्या जुन्या लॅपटॉपचं?

मी : ...साधारण तेवढंच.

मामा : म्हणजे मेंदू काढून घेतला तरी वजन तेवढंच. किंमत?

मी : मी सहकाऱ्याकडून जुना घेतला, अकरा हजारांना. नवे परदेशात दोन-तीनशे डॉलरला मिळतात, वर टपाल आणि सीमाशुल्क.

मामा : त्यात थोडी भर घातली की जुना पण धडका लॅपटॉप येतो. तो फोन नसला तरी चालतो, आणि बिघडला तर पोवई नाक्यावर कुणीही उघडून बघतो. हा उघडून कोण बघणार?

मी : उघडून बघण्यासारखं यात आहे काय? पडदा, बॅटरी आणि एक सर्किट. जुना लॅपटॉप तीन वर्षांत रांगायला लागतो, कारण आतला प्रोसेसर म्हातारा होतो. हा म्हातारा होतच नाही. नवा फोन घेतला की त्याच पडद्याला नवा मेंदू. शिवाय चोरीला गेला तर गेला, आत एक अक्षर नाही.

मामा : फोन चोरीला गेला तर?

मी : ते दुःख लॅपटॉपवाल्यांनाही आहे.

मामा : त्यांचं निम्मं आहे. तुझा सगळा संसार एका गाठोड्यात.

इथे चहा आला. मामांनी काउंटरवरच्या एकाला आधारच्या दोन प्रती काढून दिल्या आणि खुर्ची ओढून पुन्हा बसले. मला वाटलं, थोडा इतिहास सांगितला की त्यांना पटेल. तिथेच चूक झाली.

मी : ही कल्पना काही काल उगवलेली नाही. २००७ मध्ये पाम कंपनीने ‘फोलिओ’ जाहीर केला होता, फोनाचा जोडीदार म्हणून, दहा इंची पडद्याचा.

मामा : कसा चालला?

मी : मे महिन्यात जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये रद्द केला. बाजारात आलाच नाही. पण २०११ मध्ये मोटोरोलाचा ‘एट्रिक्स’ आला. त्याच्या लॅपडॉकच्या मागे फोन बसवायची खाच होती. साडेअकरा इंचांहून थोडा मोठा पडदा. नुसता डॉक पाचशे डॉलरला.

मामा : पाचशेत तेव्हा लॅपटॉप येत नव्हता?

मी : येत होता. म्हणून तो फारसा खपला नाही, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तो नाद सोडला. मग २०१३ मध्ये उबुंटूवाल्यांनी ‘एज’ नावाच्या फोनासाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले. तोही टेबलावर संगणक होणार होता. तीन कोटी वीस लाख डॉलर हवे होते, सव्वा कोटीच्या थोडं वर जमले. पैसे परत केले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लुमिया ९५० बरोबर ‘कंटिन्यूअम’ आणलं, पुढच्या वर्षी एचपीने त्यासाठी लॅपडॉकही केला...

मामा : आणि विंडोजचे फोनच गेले.

मी : हो. २०१८ मध्ये रेझरने ‘लिंडा’ दाखवला. कीबोर्डच्या खाली, टचपॅडच्या जागी फोनच बसायचा.

मामा : आणि तो विकायला आलाच नाही.

मी : तुम्हाला कसं माहीत?

मामा : अगं, ही वंशावळ नाही, ही मृत्यूनोंद आहे. आता नावं ऐकूनच कळायला लागलं. एवढ्या मोठ्या कंपन्या आपटल्या, म्हणजे वस्तूतच खोट असणार.

मी : की वस्तू वेळेआधी आली? एट्रिक्समध्ये एक जीबी रॅम होती. तेवढ्यात ब्राउझरसुद्धा धापा टाकायचा. आणि त्याच डॉकची पुढची गोष्ट ऐका. कंपनीने सोडून दिल्यावर ते डॉक मातीमोल भावात निघाले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक आला. त्याला पडदा नसतो. हौशी मंडळींनी एट्रिक्सचे डॉक घेतले, वायरींची जुळवाजुळव केली आणि त्या पायला जोडले. फोन मेला तरी डॉक कामाला आला. मी म्हणते ते हेच. पडदा आणि कीबोर्ड वाया जात नाहीत.

मामा : हे मात्र पटलं. माझ्या माळ्यावर चार जुने मॉनिटर आहेत, सीपीयू मेले तरी हे ठणठणीत. पण मग त्यावरूनच माझा प्रश्न. तुझा हा फोन माझ्या मॉनिटरला लागतो का?

मी : लागतो. एचडीएमआयचा एक हब लागेल, हजार-दीड हजाराचा.

मामा : मग अकरा हजार कशाचे दिलेस?

मी : बसमध्ये, कँटीनमध्ये, इथे तुमच्याकडे बसता येतं याचे. मॉनिटर काखेत मारून कसा फिरवू?

मामा : बरं, फिरव. आता माझं एक काम करून दाखव. (पेनड्राइव्ह पुढे करतात.) ही लग्नपत्रिका आहे. वधूच्या आत्याचं नाव राहिलंय, ते घाल आणि परत दे.

मी : (पाहून) पेजमेकर? मामा, या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे!

मामा : वय विचारलं नाही, उघडतंय का ते विचारलं. पेजमेकर, आत श्रीलिपीचा फाँट. छापखाना हीच फाइल मागतो.

मी : नाही उघडत. ही अँड्रॉइडची ॲप आहेत, विंडोजची नाहीत. पण तुमच्या संगणकाला दुरून जोडून घेऊन इथून चालवू शकेन.

मामा : म्हणजे फोनाला पडदा हवा म्हणून हा घेतला, आणि आता या पडद्याला माझा संगणक हवा. चांगलंय. लेख मराठीत लिहितेस ना? तो कसा टाइप करतेस यावर?

मी : इथे थोडं कण्हावं लागतं. फोनच्या काचेवर मराठी झरझर येते, बोलूनही लिहिता येते. बाहेरचा कीबोर्ड लावला की इंग्रजी लगेच, मराठीची मांडणी मात्र शोधून बसवावी लागते. एक अख्खी दुपार गेली होती.

मामा : हे बघ, कीबोर्डवर माझा राग नाही. तो काढला तर मी जेवू काय? माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. टाइपरायटर मध्येच वाजायचा, पण कशासाठी? ओळ संपत आली म्हणून. दुसऱ्या कशासाठी त्याला घंटाच नव्हती. तुझा हा...

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. आईचा होता. हाताच्या सवयीने मी तो उचलला, वायर सुटली, मी बोलत बोलत दारापर्यंत गेले. वळून पाहिलं तर टेबलावर पुन्हा तीच निळी पाटी. मामा चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत होते.

मामा : ताईचा फोन आला आणि तुझा संगणक उठून बाहेर गेला.

मी : लेख कुठे गेला नाही, फोनात आहे. इअरफोन लावले असते तर वायर काढावीच लागली नसती.

मामा : लेख गेला असं मी म्हणत नाही. बैठक मोडली म्हणतो. कामाला बसायला एक जागा लागते. ती जागाच ज्याला त्याला उत्तर द्यायला उठून जाणारी असेल, तर माणसाने बसायचं कुठे?

मी : लॅपटॉपवर व्हॉट्सॲप नसतं का, मामा? तुमच्या काउंटरच्या संगणकावर दिवसभर उघडंच आहे. बैठक यंत्र मोडत नाही, आपण मोडतो. मी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं नव्हतं, ती माझी चूक.

मामा : (हसून) काउंटरचं मधे आणू नकोस. लोक त्यावर पीडीएफ पाठवतात. बरं, तो मुद्दा अर्धा तुझा.

मी : मग उरलेला अर्धाही द्या. माझं सोडा, माझ्याकडे पर्याय आहेत. तुमच्या पोरांचं बोला. मराठी तीस, इंग्रजी तीस करायला येतात. रोज तास मिळतो एक. घरी संगणक किती जणांकडे आहे?

मामा : या बॅचला? दोघांकडे.

मी : आणि फोन?

मामा : सगळ्यांकडे.

मी : झालं तर. बाकीच्यांचा मेंदू विकत घेऊन झालाय. हप्ते फेडतायत अजून. त्यांना संगणक घ्या म्हणणं म्हणजे घर असताना पुन्हा पाया खणा म्हणण्यासारखं आहे. घरात एक पडदा-कीबोर्ड असला की सकाळी भाऊ त्याचा फोन लावेल, रात्री बहीण तिचा. कुणाच्या फाइलीत कुणाचा हात नाही. तुमचे माळ्यावरचे चार मॉनिटर खाली आणा, प्रत्येकाला एक हब लावा, क्लासात आणखी चार जागा होतील.

मामा यावर काहीच बोलले नाहीत. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी लॅपडॉककडे कामाची वस्तू म्हणून पाहिलं. दुपारच्या बॅचचा एक मुलगा लवकर येऊन बाकावर बसला होता. पोलीस भरतीची तयारी आणि सोबत टायपिंग. मामांनी त्याला हाक मारली.

मामा : इकडे ये रे. तुझा फोन लाव याला.

मुलगा : माझा साधाच आहे, सर. बारा हजारांचा.

मामा : मग तर आधी लाव.

त्याने लाजत फोन काढला. चार्जिंगचं भोक तेच, माझ्या फोनासारखं, लांबट गोल. वायर अलगद बसली. फोन चार्ज व्हायला लागला. आम्ही तिघं मोठ्या पडद्याकडे पाहत राहिलो. ‘नो सिग्नल’. मी वायर काढून उलटी घातली. ‘नो सिग्नल’.

मामा : काय झालं?

मी : (जरा वेळाने) त्याच्या फोनातून चित्र बाहेर येत नाही.

मामा : भोक तर तेच आहे.

मी : भोक तेच, आतल्या वाटा कमी. या यूएसबी-सीच्या भोकात चोवीस टोकं असतात. चार्जिंगला आणि साध्या फाइली हलवायला त्यातली थोडी पुरतात. चित्र जातं ते वेगाच्या वेगळ्या जोड्यांतून. स्वस्त फोनांत कंपन्या त्या जोड्या सहसा जोडतच नाहीत, खर्च वाचतो. बाहेरून बघून कळायचं नाही. माझ्या आधीच्या फोनाचंही हेच झालं होतं. लॅपडॉक बिघडलेला दिला म्हणून मी सहकाऱ्याशी भांडले होते.

मामा : मग कुणाच्या फोनातून चित्र येतं?

मी : सॅमसंगच्या एस मालिकेतून. आयफोनमध्ये १५ पासून यूएसबी-सीतून येतं, पण तिथे मुख्यतः आरशासारखं तेच दिसतं, वेगळा डेस्कटॉप उभा राहत नाही. गूगलच्या पिक्सेल ८ ला २०२४ मध्ये अपडेटने वाट मोकळी झाली. आणि २०२५ मध्ये गूगलने सांगितलं की अँड्रॉइडमध्येच डेस्कटॉप आणणार, डेक्सच्या पायावर, सॅमसंगला सोबत घेऊन.

मामा : ते आलं की याच्या फोनात येईल?

मी : सॉफ्टवेअर येईल कदाचित. आत तार जोडलेलीच नसेल तर अपडेट ती जोडू शकत नाही.

मामा : म्हणजे ज्याचा फोन साठ-सत्तर हजारांचा, त्याला हा पडदा लागतो. आणि साठ-सत्तर हजारांचा फोन घेणाऱ्याच्या घरी लॅपटॉप आधीच असतो.

मला उत्तर सुचलं नाही. मृत्यूनोंदीतल्या सगळ्या कंपन्यांबद्दल मी इतकी वर्षं वाचत आले. कुणाचा प्रोसेसर कमी पडला, कुणाची किंमत जास्त झाली, कुणाला ॲप मिळाली नाहीत, हे मला पाठ होतं. पण एट्रिक्स असो वा लुमिया ९५०, सुरुवात दर वेळी वरच्या फोनापासून झाली होती, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. लॅपटॉप नसलेल्याला लॅपटॉप देईन असं म्हणणारी वस्तू दर वेळी लॅपटॉप असलेल्याच्याच दारात जाऊन उभी राहिली.

मुलगा : ताई, हे बघा.

तो वायर काढायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याचं बोट टचपॅडला लागलं होतं. त्याच्या फोनच्या छोट्या पडद्यावर एक बाण आला होता. त्याने बोट फिरवलं, बाण फिरला. मी म्हटलं, कीबोर्ड दाबून बघ. त्याने मेसेजची खिडकी उघडली आणि दहा बोटांनी इंग्रजीचा रोजचा धडा टाइप केला. अक्षरं फोनवर उमटत गेली. चित्र बाहेर जायला वाट नव्हती. कीबोर्डची अक्षरं आत यायला मात्र त्या थोड्याशा तारा पुरत होत्या.

मामा : एवढं कुठल्याही फोनला होतं?

मी : बहुतेक फोनांना होतं. त्याला लॅपडॉकसुद्धा नको. साधा कीबोर्ड आणि तो फोनाला जोडायला शे-दीडशे रुपयांचं ओटीजीचं टोक बास. मराठीची मांडणी मी बसवून देते.

मामा : तुझी एक दुपार जाईल.

मी : या वेळी अर्धा तास. वाट सापडलीय.

मामा उठले आणि माळ्यावर चढले. मला वाटलं मॉनिटर आणतील. ते खाली आले तेव्हा हातात कीबोर्ड होते, धुळीने माखलेले, मेलेल्या संगणकांचे. एकेक झटकून त्यांनी काउंटरवर मांडले. पाच भरले. ‘परीक्षा संगणकावरच द्यायची आहे, तेव्हा तास चुकवायचा नाही,’ त्यांनी मुलाला बजावलं, ‘पण बोटं घरी चालू राहिली पाहिजेत. उद्या ओटीजी घेऊन ये, यातला एक घेऊन जा.’

मुलाचं तिकडे लक्ष नव्हतं. फोन सरळ उभा राहावा म्हणून त्याने तो माझ्या चौदा इंची पडद्याला टेकवला होता. मोठा पडदा आता काळा पडला होता. त्याच्या पायथ्याशी त्याचा सहा इंचांचा फोन उजळला होता, आणि तो मान थोडी पुढे काढून टाइप करत होता.